चंबूतली १८० अब्जांची वस्ती

वीस लिटर बिअर नीट आंबवायची, तर तिच्यात पहिल्याच दिवशी सुमारे १८० अब्ज यीस्टपेशी घालाव्या लागतात. आज पृथ्वीवर जितकी माणसं आहेत त्यांच्या वीस-बावीस पट. एवढी प्रजा तळाशी बसली की तिचा पेलाभर दाट, मळकट पांढरा साका होतो. तो साका स्वयंपाकघराच्या ओट्यावर, काचेच्या चंबूत, दोन दिवसांत वाढवता येतो. आणि यापुढची गोष्ट तर आणखी नवलाची: त्यातला एक वाटा फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने निजवून ठेवता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा उठवता येतो.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत घरी बिअर बनवणारे हौशी लोक हा उद्योग नेहमी करतात. चंबूतल्या या छोट्या वस्तीला ते ‘स्टार्टर’ म्हणतात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवायचं, त्यातून उतरलेलं गोड पाणी हॉप्सची फुलं घालून उकळायचं आणि थंड करायचं, इथे माणसाचं काम संपतं. या गोड पाण्याला वॉर्ट म्हणतात. वॉर्टची बिअर यीस्ट करतं. त्यामुळे मुरलेला हौशी माणूस पातेल्याइतकीच, किंबहुना जास्तच, काळजी त्या चंबूची घेतो.

न दिसणारा कारागीर

माणूस हजारो वर्षं बिअर पितो आहे, पण ती कोण करतं हे त्याला कालपरवापर्यंत ठाऊक नव्हतं. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध फर्मानात बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढंच असावं असं बजावलं आहे. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही. जुन्या पिंपातला फेस किंवा तळचा गाळ नव्या पिंपात घालायचा, एवढं कारागिरांना माहीत होतं. त्या गाळात कोणी राहतं, हे माहीत नव्हतं.

१६८० साली डच निरीक्षक लेवेनहुक याने आपल्या भिंगाखाली बिअरमधले बारीक गोळे पाहिले, पण ते जिवंत आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यासाठी १८३७ उजाडावं लागलं. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग, अशा तिघांनी त्या सुमारास स्वतंत्रपणे सांगितलं की यीस्ट हा सजीव आहे, त्याला कळ्या फुटतात, तो वाढतो. त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे हास्यास्पद वाटलं. व्योलर आणि लीबिग यांनी १८३९ साली आपल्या नियतकालिकात निनावी विडंबन छापलं. त्यात यीस्ट म्हणजे साखर गिळणारे चिमुकले प्राणी होते. त्यांच्या आतड्यातून अल्कोहोल बाहेर पडत होतं आणि मूत्राशयातून कार्बन डायऑक्साइड. गंमत अशी की अवयव सोडले तर थट्टेतला हिशेब बरोबरच होता. साखर आत जाते, अल्कोहोल आणि वायू बाहेर येतात. पुढे पाश्चरने १८७६ साली बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि बिअर नासते ती नको त्या सूक्ष्मजीवांमुळे, हे दाखवून दिलं.

मग प्रश्न उरला तो हवा तोच जीव वेगळा काढायचा कसा. त्याचं उत्तर कोपनहेगनमध्ये मिळालं. कार्ल्सबर्ग या ब्रुअरीचे, म्हणजे बिअरच्या कारखान्याचे, मालक जे. सी. जेकबसन यांनी १८४५ साली म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून यीस्ट आणलं होतं. घोडागाडीच्या त्या लांबच्या प्रवासात मुक्कामामुक्कामाला डबे गार पाण्याने भिजवत ते यीस्ट त्यांनी जगवलं, असं सांगतात. १८७५ मध्ये त्यांनी ब्रुअरीच्या जोडीला प्रयोगशाळा काढली. तिथे एमिल ख्रिश्चन हान्सन या संशोधकाच्या लक्षात आलं की बिअर बिघडवण्यात जंतूंबरोबर रानटी यीस्टचाही हात असतो, आणि भिंगाखाली ते चांगल्या यीस्टसारखंच दिसतं. हान्सनने सोपा पण अफलातून उपाय केला. यीस्ट इतकं पातळ करत न्यायचं की थेंबात फार तर एखादीच पेशी यावी, आणि मग त्या एकटीपासून सगळी प्रजा वाढवायची. १८८३ साली अशा एकाच पेशीच्या वंशजांनी कार्ल्सबर्गमध्ये बिअर आंबवली. जेकबसन यांनी हा शोध कुलुपात ठेवला नाही. ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही मिळालं.

एका पेशीपासून १८० अब्जांपर्यंत जायला किती दुपटी लागतात? फक्त अडतीस. खाणं-पिणं भरपूर असेल तर यीस्टपेशी दीडेक तासात दुप्पट होते. कागदावर हे सारं अडीच दिवसांच्या आत उरकतं! प्रत्यक्षात साखर संपते, जागा कमी पडते, आणि म्हणून वस्ती टप्प्याटप्प्याने मोठ्या भांड्यात हलवावी लागते. स्टार्टरचं सगळं शास्त्र या ‘टप्प्याटप्प्याने’मध्ये आलं.

डोकी मोजायचा हिशेब

१८० अब्ज हा आकडा येतो कुठून? ब्रुअरांचा एक ठोकताळा आहे. एल जातीच्या बिअरसाठी वॉर्टच्या दर मिलिलिटरमागे आणि प्लेटो मापातल्या दर अंशामागे साडेसात लाख पेशी हव्यात. थंडीत आंबणाऱ्या लागरला याच्या दुप्पट. प्लेटोचा एक अंश म्हणजे १०० ग्रॅम वॉर्टमध्ये एक ग्रॅम विरघळलेला गोडवा. नेहमीचं वॉर्ट १२ अंशांचं असतं. २० हजार मिलिलिटर गुणिले १२ गुणिले साडेसात लाख, झाले १८० अब्ज.

पेशी कमी पडल्या तर काय बिघडतं? थोड्या पेशींना मोठी वस्ती उभी करायची असल्याने त्या घाईने वाढतात, आणि या घाईत फळांसारख्या वासाची एस्टर आणि डोक्यात जाणारी जड अल्कोहोल जास्त तयार होतात. आंबणं उशिरा सुरू होतं आणि तेवढ्या वेळात जंतूंना मोकळं रान मिळतं. कधी साखर अर्धी उरलेली असतानाच सगळं थंडावतं. उलट पेशी फारच जास्त झाल्या तर बिअर सपक लागते. म्हणजे चव केवळ कृतीत नसते, डोक्यांच्या संख्येतही असते.

पण एवढ्या पेशी हौशी माणसाने आणायच्या कुठून? अमेरिकेत फेडरल पातळीवर घरगुती बिअरला मोकळीक मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने. तो पुढच्या वर्षी लागू झाला. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती. मग हौशी लोकांना जातिवंत द्रव यीस्ट हवंसं झालं. १९८६ मध्ये ऑरेगनमधली वायईस्ट आणि १९९५ मध्ये सॅन डिएगोतली व्हाइट लॅब्स अशा कंपन्या निघाल्या. वायईस्टच्या पाकिटात आणखी एक छोटी पुडी असते. तळहाताचा फटका मारला की आतली पुडी फुटते, पोषक रस यीस्टला मिळतो आणि काही तासांत पाकीट टम्म फुगतं. पाकिटातली प्रजा जिवंत आहे याची ही पावती.

अशा पाकिटात ताजेपणी साधारण १०० अब्ज पेशी असतात. फ्रिजमध्येही दर महिन्याला त्यातल्या सुमारे वीस टक्के मरतात, असा ढोबळ हिशेब धरतात. दोन महिन्यांच्या पाकिटात मग साठ-पासष्ट अब्जच उरतात. हवेत १८०. ही तूट चंबू भरून काढतो.

चंबूत काय चालतं

कृती ऐकायला साधी आहे. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम माल्टचा कोरडा अर्क घालून पंधरा मिनिटं उकळायचं, गार करायचं, शंकूच्या आकाराच्या निर्जंतुक चंबूत ओतून त्यात पाकिटातलं यीस्ट घालायचं. चंबूच्या तोंडावर अल्युमिनियमचा कागद सैल बसवायचा. आतला वायू बाहेर पडतो आणि वरून धूळ पडत नाही. चंबू चुंबकी ढवळणीवर ठेवायचा. आत टाकलेली प्लॅस्टिकच्या आवरणातली लोहचुंबकाची कांडी गरगर फिरत राहते. खोलीचं तापमान २० ते २४ अंश असलं, तर एक ते दोन दिवसांत पारदर्शक तपकिरी पाणी दुधाळ, गढूळ होतं. ढवळणीवर दर ग्रॅम अर्कामागे साधारण १.४ अब्ज नव्या पेशी मिळतात, असा हौशी मंडळींचा हिशेब आहे. म्हणजे १०० ग्रॅमला १४० अब्ज. आधीच्या साठात ते मिळवले की गरज भागते.

हे विरजणासारखंच वाटेल, पण एक फरक महत्त्वाचा आहे. विरजणात कालचं दही आजच्या दुधात जातं. इथे मात्र चंबू फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट तळाशी बसवायचं आणि वरची आंबूस, बेचव बिअर चक्क ओतून द्यायची. वापरायचा फक्त साका. स्टार्टरमध्ये चांगली बिअर होणं अपेक्षितच नसतं. तिथे पीक पेशींचं घ्यायचं असतं.

म्हणूनच चंबूतलं वॉर्ट मुद्दाम पातळ, आठ-दहा अंशांचं ठेवतात. फार गोड पाण्यात पेशींवर पाणी खेचून घेणारा दाब येतो, पुढे अल्कोहोलचाही ताण पडतो. कठीण काम पुढे वीस लिटरच्या पिंपात करायचंच आहे. चंबूतले दिवस खाण्यापिण्याचे.

श्वासासाठी नसलेला ऑक्सिजन

आता यातलं सगळ्यात गमतीदार कोडं. ढवळल्याने चंबूत हवा मिसळते, हे खरं. पण यीस्ट त्या हवेचा श्वासासाठी फारसा उपयोगच करत नाही! साखर मुबलक असली की ऑक्सिजन समोर असूनही ते श्वसनाऐवजी आंबवण्याचाच मार्ग धरतं. एका साखरेच्या रेणूतून श्वसनाने कितीतरी जास्त ऊर्जा मिळाली असती, तरी हा उधळा मार्ग ते पसंत करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. उधळपट्टीत शहाणपणही आहे: साखर झपाट्याने संपवायची आणि अल्कोहोलने शेजारच्या जंतूंना नामोहरम करायचं.

मग ऑक्सिजन कशाला? पेशीचं पटल बांधायला. पटल लवचीक राहण्यासाठी एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती घडवण्याच्या रासायनिक साखळीत ऑक्सिजनचा रेणूच कच्चा माल म्हणून खर्च होतो. आंद्रेआसन आणि स्टायर या संशोधकांनी १९५३ साली दाखवलं की हवाबंद भांड्यात यीस्ट वाढवायचं तर एर्गोस्टेरॉल बाहेरून पुरवावं लागतं. पिंपात एकदा आंबणं सुरू झालं की ऑक्सिजन संपतो. तिथून पुढे प्रत्येक कळी फुटताना आईच्या पटलातला साठा आई आणि लेकीत वाटला जातो. दोन-तीन पिढ्यांत तो इतका विरळ होतो की पेशी विभागणंच थांबवतात. चंबूत हवा खाऊन तृप्त झालेलं यीस्ट ही शिदोरी घेऊन पिंपात उतरतं.

आणि ही कळी फुटणं म्हणजे काय! अंडाकृती पेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो, मोठा होतो, गळ्याशी आवळतो आणि सुटा होतो. सुटलेल्या जागी आईच्या अंगावर कायटिनचा गोल व्रण राहतो. एक आई वीस-तीस लेकींनंतर थकते. पण वाढत्या वस्तीत साधारण निम्म्या पेशी नुकत्याच जन्मलेल्या, एकही व्रण नसलेल्या असतात. म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण दर पिढीत घटत जातं आणि वस्ती तरुणच राहते.

निजण्यापूर्वीची तजवीज

साखर संपत आली की यीस्टचा नूर पालटतो. ते विभागणं थांबवतं आणि साठवणीला लागतं. ग्लायकोजेन हा पुढच्या उपासाच्या दिवसांचा शिधा. ट्रेहॅलोज नावाची दुसरी साखर पटलाला आणि प्रथिनांना आधार देते. थंडी, उष्णता, कोरडेपणा यांत पेशी फुटू देत नाही. त्यामुळे साठवायचा स्टार्टर अर्धवट आंबलेला फ्रिजमध्ये ढकलू नये. त्याला साखर संपवू द्यावी, बांधाबांध करू द्यावी, मगच गारव्यात न्यावा.

पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी हे कोणतंही रसायनशास्त्र न शिकता साधलं होतं. त्यांचं घरगुती क्वेइक यीस्ट ते लाकडी कड्यांवर, कापडावर वाळवून ठेवत आणि पुढच्या सणाला त्याच कड्याने नवी बिअर लावत. हे यीस्ट ३० ते ४० अंशांच्या गरमीतही बिअर नीट आंबवतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात क्वेइक हा बिअरच्या यीस्टचा एक वेगळा गट ठरला. पिढ्यानुपिढ्या घराघरांतून केलेली साठवण ही एका अर्थी निवडच होती: ज्या पेशी वाळून जगल्या, त्यांचाच वंश चालला.

कार्ल्सबर्गने या बाबतीत कमालच केली. १८८३ च्या सुमाराची एक जुनी बाटली त्यांच्या तळघरात सापडली. तीत अजून जिवंत असलेलं यीस्ट जागवून २०१६ साली त्यांनी जुन्या धाटणीची बिअर बनवली.

घरच्या फ्रिजमध्ये एवढं टिकत नाही, पण युक्त्या आहेत. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे गरजेपेक्षा मोठा स्टार्टर करायचा. दोन लिटर पाणी आणि २०० ग्रॅम अर्क घेतला तर साठ अब्जांचे ३४० अब्ज होतात. १८० बिअरला द्यायचे, उरलेले १६० उकळून निर्जंतुक केलेल्या बरणीत, त्यांच्याच फिक्या बिअरखाली ठेवायचे. पुढच्या वेळी त्यांतूनच नवा स्टार्टर. बिअर आंबून झाल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेल्या साक्यापेक्षा हे यीस्ट स्वच्छ असतं, कारण त्यात हॉप्सचा कडवटपणा किंवा चोथा नसतो. बरणीचं झाकण मात्र घट्ट लावू नये. आत राहिलेली साखर आंबली तर वायूने काच फुटते.

गारव्यातही ग्लायकोजेनचा शिधा हळूहळू संपत जातो. बरणीतलं यीस्ट आठवड्यागणिक दुबळं होण्यामागचं हे एक मोठं कारण. जास्त काळ ठेवायचं तर यीस्टला अगारच्या जेलीच्या तिरप्या थरावर परीक्षानळीत वाढवून गारव्यात ठेवतात. काही महिन्यांनी नव्या नळीत हलवलं की वंश चालू. काही जण निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर पेशी सोडतात. खायला काहीच नसल्यामुळे त्या वाढत नाहीत आणि जवळजवळ स्वस्थ पडून राहतात. इटालियन डॉक्टर आल्डो कास्टेलानी यांनी बुरशी अशी पाण्यात जपण्याची रीत १९३९ मध्ये मांडली होती.

गोठवणं हा त्यापुढचा टप्पा. नुसतं गोठवलं तर बर्फाचे स्फटिक पटलं भोसकतात, म्हणून पाण्यात १५ ते २५ टक्के ग्लिसरीन मिसळतात. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरची अडचण वेगळीच: बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःला ऊब देतो, आणि या वितळण्या-गोठण्यात पेशी मरतात. हौशी मंडळी नळ्या बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डबीत ठेवून हे टाळतात. प्रयोगशाळांत उणे ८० अंशांचे फ्रीझर किंवा उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. उद्योगांना आणि संशोधकांना लागणारे जंतू, बुरशी आणि यीस्ट तिथे जपून ठेवलेले असतात.

निजलेल्यांना उठवताना घाई चालत नाही. परीक्षानळीतलं यीस्ट एकदम दोन लिटरमध्ये टाकलं तर थोड्याशा पेशींना वॉर्ट काबीज करायला वेळ लागतो आणि तोवर जंतू पुढे जातात. म्हणून आधी १० मिलिलिटर, मग १००, मग एक लिटर, असे दहा-दहा पटींचे टप्पे घेतात. जंतूंबद्दल आणखी एक इशारा: उकळलेलं वॉर्ट बरणीत भरून बाहेर कपाटात ठेवणं धोक्याचं आहे. बोटुलिझमचं विष करणाऱ्या जंतूची बीजं नुसत्या उकळीने मरत नाहीत. साठवायच्या वॉर्टला प्रेशर कुकरमध्ये १२१ अंशांचीच उष्णता हवी.

आपल्यासाठी काय

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा बिअरचं पिंप आपल्यासाठी वाचनापुरतंच. पण त्यातला कारागीर आपल्या घरात कधीच आला आहे. पावासाठी वाण्याकडून आणलेलं कोरडं यीस्ट आणि एल बिअर आंबवणारं यीस्ट ही एकाच जातीची भावंडं आहेत: सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून दोन-तीन तास ठेवा. मग त्यातला थेंब शाळा-कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून बघा, आणि जवळ एखादं मूल असेल तर त्याला आधी बघू द्या. अंगाला कळ्या फुटलेल्या आया तुम्हाला स्वच्छ दिसतील. व्योलर आणि लीबिग यांनी ज्यांची टर उडवली होती, ते हेच जीव.